बिनकुंपणाची बाग

दौलताबादचा किल्ला बारा महिने पाहता येतो. पण दौलताबाद चाखायचे असेल, तर घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचाच मुहूर्त साधावा लागतो. या दीड महिन्यात छत्रपती संभाजीनगराहून वेरुळाकडे निघालेली गाडी सहसा सरळ वेरुळाला पोचत नाही. छावणी मागे पडते, पडेगाव-मिटमिटा जाते, शरणापूरचा फाटा येतो, समोर देवगिरीचा तो चहूबाजूंनी तासून काढलेला डोंगर उभा राहतो आणि एवढ्यात गाडीतले कोणीतरी, बहुधा मागच्या बाकावरची गृहलक्ष्मी, "थांबा, थांबा!" म्हणून ओरडते. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात आणि टोपल्यांत सीताफळे असतात. अशा वेळी रामदेवराव, अल्लाउद्दीन, महंमद तुघलक वगैरे मंडळींनी थोडा वेळ बाजूला बसावे हे उत्तम.

हा एक उत्सवच आहे म्हणा ना! फक्त याला अध्यक्ष नाही, मंडप नाही, स्वागतगीत नाही आणि वर्गणीचे पावतीपुस्तक तर नाहीच नाही. याची तिथी पाऊस ठरवतो. मृगाने वेळेवर हजेरी लावली की दसऱ्याच्या आधी टोपल्या दिसू लागतात. पाऊस लांबला की दिवाळीच्या तोंडापर्यंत वाट पाहावी लागते. मात्र एकदा हंगाम भरला की जी काय बहार उडते ती विचारू नका. घृष्णेश्वराला निघालेले यात्रेकरू, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणारे भाविक, दर्ग्याला जाणारी कुटुंबे, शाळेच्या सहलीची पोरे, छावणीतले जवान, सगळी एका ओळीत रस्त्याकडेला उकिडवी बसून सीताफळ खात असतात. उभ्याने, हातरुमाल सांभाळीत, सभ्यपणे खाता येईल असे हे फळच नव्हे. ते दोन्ही हातांनी फोडायचे, तोंड खुपसायचे आणि बिया थुंकत राहायचे. कलेक्टर असो की कारकून, सीताफळ खाताना दोघांची मुद्रा सारखीच दिसते!

परवाच्या हंगामात एक गोरे जोडपे वेरुळाहून परतताना तेथे थांबले होते. साहेबाने खिशातून चाकू काढला आणि सफरचंदासारखी फोड करायला घेतली. फळ पार लगदा झाले. तेव्हा टोपलीवाल्या बाईची आठ-नऊ वर्षांची पोर पुढे झाली, तिने एक पिकलेले फळ उचलले, दोन्ही अंगठे देठाशी टेकवले आणि हलकेच दाबले. दोन शकले झाली. मडमेने टाळ्या वाजवल्या. पोरीने एक शकल मडमेला दिले आणि दुसरे, फोडण्याची मजुरी म्हणून, स्वतःच्या तोंडात घातले.

या टोपल्यांमागे ज्या बायका बसतात त्यांच्याशी घासाघीस करण्यापेक्षा चार गोष्टी बोलाव्यात. त्यात अधिक लाभ आहे. पहाटे तांबडे फुटायच्या आत त्या डोंगराला लागतात. हातात काठी, डोक्याला चुंबळ, कमरेला फडके. झाडे फार उंच नसतात, दोन पुरुष उंचीचीही क्वचितच. पण जागा अडचणीची, खडक सुटा आणि गवतात काय असेल याचा नेम नाही. कोणते फळ तोडायचे हे त्या डोळ्यांवरून ओळखतात. स्वतःच्या नव्हे, फळाच्या. सीताफळाच्या अंगावर जे खवले असतात त्यांना डोळे म्हणतात. फळ कोवळे असताना डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. फळ भरले की ते एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटी पिवळसर पांढऱ्या दिसू लागतात. असे डोळे उघडलेले फळ तोडले की घरी दोन-तीन दिवसांत पिकते. डोळे मिटलेले असताना तोडाल तर ते काळे पडेल, दगड होईल, पण पिकणार नाही. झाडावरच पिकू द्याल तर पाखरे तुमच्या आधी जागी होतात!

म्हणून सराईत बाईच्या पुढे तीन वाटे असतात. ती आधी किंमत सांगत नाही, आधी विचारते, "कवा खायची भाऊ? आज, उद्या का परवा?" तुम्ही आज म्हणालात तर एका वाट्यातले देते, परवा म्हणालात तर दुसऱ्या. अमक्या तिथीला लक्ष्मीपूजन आहे एवढे सांगितले, की बोटांवर दिवस मोजून ती नेमकी त्या संध्याकाळी पिकणारी पाच फळे काढून देते. घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवायची, की झाले. आमच्या आजीने या लोकांचा हिशेब कधी चुकल्याचे सांगितले नाही. दिवाळीतले पाहुणे चुकले, गाड्या चुकल्या, पण सीताफळ वेळेवर पिकले!

ओघात एक पाकसूचना. सीताफळाची बासुंदी करायची तर दूध आटवून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच त्यात गर घालावा. उकळत्या दुधात गर घातला तर सारे भांडे कडू होते.

"ही झाडे कोणाची हो आजी?" म्हणून मी एका म्हातारीला विचारले. तिने माझ्याकडे, या माणसाला शाळेत घातले होते की नाही, अशा नजरेने पाहिले. "डोंगराची," ती म्हणाली. "खाली बांधावरची हायेत ती शेतवाल्याची. ती गुत्तेदार घेतो. वरची डोंगराची."

या तिच्या 'वरच्या' झाडांची गोष्ट मोठी मौजेची आहे. ती कोणी लावलेली नाहीत. दौलताबादच्या घाटापासून खुलताबाद-वेरुळापर्यंतच्या उतारांवर, मुरमाड जमिनीत, खडकांच्या फटींत ती आपोआप उगवली आहेत. पाखरांनी बी टाकले, माणसांनी थुंकले, पावसाने रुजवले. पुढचा प्रश्न असा, की शेळ्यामेंढ्यांनी जेथे बाभळीचा पालाही शिल्लक ठेवला नाही, तेथे हीच झाडे कशी वाचली? उत्तर सोपे आहे. सीताफळीचा पाला कडू आणि उग्र. शेळीदेखील त्याला तोंड लावत नाही. जी शेळी रद्दी कागद आवडीने खाते, ती जेथे हात टेकते, तेथे इतरांची काय कथा! उन्हाळ्यात झाड पाने टाकून काटकीसारखे निपचित उभे राहते आणि पाण्यावाचून दिवस काढते. पावसाबरोबर नवी फूट, नव्या फुटीवर फूल, आणि फुलापासून सुमारे चार महिन्यांनी फळ. फूलही असे, की पाकळ्या मांसल, रंग हिरवट, सहज दिसायचेसुद्धा नाही. मधमाशी त्याच्याकडे फिरकत नाही. बारीक भुंगेरे आत शिरतात आणि परागाची ने-आण करतात. त्यात त्याचा स्त्रीभाग आधी जागा होतो आणि पुंभाग मागाहून, त्यामुळे शंभर फुलांतून फळ धरते ते थोड्यांनाच.

हे इतके आपले झालेले फळ मुळात परदेशी, असे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. उष्ण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ते आले, हे मत सर्वसाधारणपणे मानले जाते. पण पुराणवस्तुवाले ऐकत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूतच्या आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ दिसले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेणारे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनाही तेथल्या छतावरच्या नक्षीत आंब्याशेजारी सीताफळ आढळले. अलीकडे उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यातील उत्खननात प्राचीन थरात त्याच्या बिया मिळाल्याचेही प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे कोलंबसाच्या आधी हे फळ येथे होते की काय? भांडण विद्वानांचे आहे, त्यांनी ते सुखाने चालवावे. सीतामाईने आपले नाव देऊन त्याला केव्हाच घरात घेतले. तिच्या मागोमाग रामफळ आले आणि मग लक्ष्मणफळ, हनुमानफळ असा सारा दरबार भरला. उत्तरेत याला शरीफा म्हणतात. दिल्लीच्या मंडईत जाऊन "सीताफल" मागाल तर भाजीवाला लाल भोपळा तोलून देईल, एवढे ध्यानात असू द्यावे. आपल्या इकडे मात्र दौलताबादचा दखनी बोलणारा विक्रेताही "सीताफल लेव, मीठा सीताफल!" अशीच हाळी देतो.

वास्तविक दौलताबादची कीर्ती होती ती वेगळ्याच फळांसाठी. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी येथे हलवली, तिच्याबरोबर दिल्लीकर आले आणि त्यांचे शौकही आले. पुढे १३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे येऊन गेला. द्राक्षे आणि डाळिंबे येथे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली आहे. त्यानंतर मलिक अंबर आला. त्याने १६१० साली खडकी गाव वसवले आणि डोंगरातले पाणी नहरींनी शहरात खेळवले. मुलाने गावाचे फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले, २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. या सगळ्या काळात बागा झाल्या, त्यांना तट झाले, कारंजी झाली, माळ्यांचे ताफे झाले. खुलताबादची बनी बेगमची बाग अजूनही पाहता येते. भिंती आहेत, छत्र्या आहेत, कबर आहे. फळबाग कोठे आहे?

अपवाद सांगायचा तर शहरातल्या हिमायतबागेचा. दिल्ली दरवाजाबाहेर, सलीम अली सरोवराच्या शेजारी ही जुनी मोगलकालीन बाग आजही फळते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तेथे आहे, जुन्या आंब्यांची झाडे आहेत, कलमांची रोपवाटिका आहे. उन्हाळ्यात तेथल्या आमराईत शिरले की शहर पाठीमागे राहिल्याची खात्री पटते. पण तिला राखणारा खाते-वही असलेला धनी आहे. कोणी झाडाला हात लावला तर दाद मागायला जागा आहे. डोंगरावरच्या सीताफळबागेला हे काही नाही. तिचा तट म्हणजे पाल्याचा कडूपणा. शेळ्यांपुढे तो पुरला. जेसीबीपुढे तो पुरेल असे मला वाटत नाही.

इंग्लंडात सफरचंदाच्या जुन्या बागा अशाच एकामागून एक तुटत चालल्या, तेव्हा 'कॉमन ग्राउंड' नावाच्या संस्थेने १९९० साली २१ ऑक्टोबरला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, जेथे शतकानुशतके फळबाजार भरत असे त्याच जागी, 'सफरचंद दिन' साजरा केला. तेव्हापासून तेथे गावोगाव ऑक्टोबरात लोक आपल्या जुन्या बागेत जमतात, नावे विसरत चाललेल्या जातींची फळे मांडतात, रस काढतात, पोरांना झाडे ओळखायला शिकवतात. आणि इंग्रजांनी आमच्या सीताफळालाही 'कस्टर्ड अॅपल' म्हणून सफरचंदाच्याच गोतात बसवले, हा योग पाहा! त्यांचा दिवस आमच्या हंगामाच्या अगदी मध्यावर येतो. असा एक दिवस दौलताबादला साजरा व्हावा, असे एकदा मी आमच्या पुण्याच्या स्नेह्यांना बोलून दाखवले.

ते हसले. हे गृहस्थ पुरंदरचे अभिमानी. सासवडच्या सीताफळापुढे बाकीची सगळी फळे त्यांच्या लेखी निवडुंगाची बोंडे! मी त्यांना घाटाखाली उतरवून एक डोंगरी फळ हातात दिले. त्यांनी ते पाहिले आणि "केवढेसे हे!" म्हणाले. खाल्ले. थोडा वेळ बिया थुंकत राहिले. मग म्हणाले, "गोडी आहे हो. पण बिया मोजल्यात? हे फळ आहे की बियांची थैली?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि या बागेपुढचा खरा पेच तेथेच आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवड करून काढलेला 'एनएमके-१ गोल्डन' हा वाण आता महाराष्ट्रभर आणि बाहेरही पोचला आहे. फळ मोठे, रंग सोनेरी, गर भरपूर, बिया कमी, आणि तोडल्यावर अधिक दिवस टिकते. बंगळुरूच्या फळ संशोधन संस्थेचा 'अर्का सहन' हा संकर तर त्याहून गोड म्हणतात. अंबाजोगाईला सीताफळाचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, तेथून 'धारूर-६' आला. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा शिक्काही मिळाला. कोरडवाहू मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला थोड्या पाण्यावर चार पैसे देणारे हे झाड आहे, तेव्हा त्याच्या बागा वाढाव्यात, हे कोणीही म्हणेल. मीही म्हणतो. परंतु मानांकन मागायला शेतकऱ्यांची संस्था लागते, सात-बारा लागतो. डोंगरावरच्या झाडाचा सात-बारा कोणाच्या नावे? बागेतली एकसारखी, खोक्यात बसवलेली, कागदात गुंडाळलेली फळे मंडईत आली, की ओबडधोबड डोंगरी फळाची टोपली मागे सरकते. टोपलीवाली तिच्याबरोबर सरकते. जिला जमीन नाही तिला या दीड महिन्यात डोंगर पगार देत असे. तिच्या दिवाळीचे तेल-तूप यातूनच येई.

कडू गोष्ट अशी, की बागाईत फळाचे हे सोनेरी झाड शेवटी उभे राहते ते बहुधा रानटी सीताफळीच्याच खुंटावर. बियांपासून रोप तयार करायचे, ते जोमदार झाले की त्यावर हव्या त्या वाणाची डोळकाडी बांधायची. खाली मूळ रानाचे, वर फळ नावाजलेले! उद्या एखादा नवा रोग आला, पाऊस आणखी लहरी झाला, तर टिकाऊपणा शोधायला शास्त्रज्ञ याच उतारांवर चढतील. तेथे प्रत्येक झाड बियांपासून आलेले, म्हणून प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा. एखाद्याचे फळ साखर, शेजारच्याचे पाणचट. एखादे नवरात्रात संपणारे, एखादे कार्तिकी एकादशीपर्यंत फळ धरून ठेवणारे. टोपलीवाल्या बायकांना ही झाडे नावानिशी ठाऊक आहेत. 'खडकावरची', 'बुरजाखालची', 'वाकडी', 'मोठ्या डोळ्याची'. एवढी सूची कोणत्याही संशोधन केंद्राच्या कपाटात नसेल, आणि ती लिहून घ्यायला कोणी पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्या मागे डोंगर चढलेला मी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, त्याचा एक फाटा माळीवाड्याला, म्हणजे दौलताबादच्या अगदी उंबऱ्याशी उतरतो. सोलापूर-धुळ्याच्या चौपदरी रस्त्याने लांबची जड वाहने घाट टाळून करोडीकडून तेलवाडीकडे जाऊ लागली. किल्ल्याच्या तटाच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोटार जायची आणि मागे रांग लागायची, त्या रांगेला कंटाळलेल्या प्रवाशांनी देवाचे आभार मानले असतील. मात्र त्याच रांगेत अडकलेली माणसे खिडकीतून हात बाहेर काढून सीताफळे घेत असत. भरधाव रस्त्यावर टोपली मांडता येत नाही, आणि मांडली तरी थांबतो कोण? इकडे पडेगाव-मिटमिट्याच्या बाजूने घरे, मंगल कार्यालये, ढाबे वाढत वाढत किल्ल्याच्या दिशेने सरकत आहेत. प्लॉट पाडायचे म्हणजे आधी जमीन साफ करायची. साफ करणे याचा अर्थ काय, हे सीताफळीला विचारावे.

सफरचंद दिनाच्या धर्तीचा आमचा सोहळा अजून काही भरलेला नाही. कोणी भरवील तर मंडप मात्र घालू नये, एवढी विनंती आहे. मंडपासाठी खड्डे खणतील, आणि पहिली कुदळ झाडाच्याच मुळावर बसेल. शहरातल्या शाळांनी कोजागिरीच्या सुमारास पोरांना एक दिवस घाटात आणावे. पुढे त्या म्हाताऱ्या बायकांना चालू द्यावे, मागे पोरे, त्यांच्या मागे एखादा वह्यावाला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. कोणते झाड कोठे, कोणाचे फळ केव्हा, याची यादी करावी. म्हाताऱ्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि ती भाषणाआधी द्यावी.

मी निघालो तेव्हा त्या आजीची टोपली जवळजवळ रिकामी झाली होती. तळाशी तीन फळे उरली होती, डोळे न उघडलेली. "ही कशाला तोडली?" मी म्हणालो.

"नातवानं तोडली," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आला होता वर. डोळं दिसंना त्याला अजून." आणि ती तिन्ही फळे तिने फडक्यात बांधून घेतली.